कलाशिक्षकाची नोकरी आणि स्वतःचे चित्र

प्रश्न : देवगडजवळच्या शाळेत मी कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीतच वर्ष सरते, स्वतःचे चित्र मागे पडते. नोकरी सोडावी का?

उत्तर : सोडू नये. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे १९५९ साली मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडले आणि पुढे अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी करीत राहिले. तरीही कॅनव्हासवर एनॅमल रंगांत साध्या वस्तूंची मांडणी करणारी त्यांची चित्रे भारतीय आधुनिक कलेत वेगळी ओळखली जातात. मुलांच्या स्मरणचित्रातले होडीचे शीड दुरुस्त करताना आपण वाराच शिकवत असता, तेव्हा तीच होडी त्याच संध्याकाळी बंदरावर बसून स्वतःच्या वहीत उतरवावी. पावसाळ्यात मात्र जलरंगांचा हट्ट नको, कारण दमट कागद लवकर वाळत नाही. तेव्हा कोळसा बरा.