मुलाला रात्रीच खोकला येतो, दमा असेल का?

५ वर्षांच्या मुलाला दिवसा काही नाही आणि रात्री खोकला, असं म्हणताय ना, मग असू शकतो, कारण दम्यात छातीत शिट्टी वाजलीच पाहिजे असं नाही, काही पोरांना नुसता कोरडा खोकला येतो, तोही पहाटे नाहीतर खेळून-हसून झाल्यावर. माझ्या लेकीचं सर्दी झाली की सुरू व्हायचं. आपल्या नाशिकची डिसेंबरातली थंडी, फटाके, अगरबत्तीचा धूर, गादीतली धूळ, सगळे ट्रिगरच, म्हणजे त्रास सुरू करणाऱ्या गोष्टी. आमच्याकडे तर माळ्यावरून काढलेली जुनी गोधडी निघाली! इनहेलरची सवय लागते वगैरे काही नसतं हो, डॉक्टरांनी दिला तर स्पेसर (इनहेलरला जोडायची प्लास्टिकची नळी) लावूनच द्या. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा धड बोलता येत नसेल तर थेट हॉस्पिटल गाठा.