चर्चिलची भूमिका ‘निभावली’ नाही, वठली

सदाशिव पेठेतल्या एका वाचकांनी विचारले आहे: ‘द विल्डरनेस इयर्स’ या 1981च्या ब्रिटिश मालिकेत रॉबर्ट हार्डी यांनी चर्चिलची भूमिका ‘निभावली’ म्हणावे की ‘वठवली’? शिवाय ‘चर्चिलची भूमिका’ म्हणजे त्याचे मत की नटाचे काम, हे कसे कळावे?

‘निभावली’ अजिबात नको. हिंदीतून उचललेला हा वापर आता पुण्यातल्या नाट्यपरीक्षणांतही घुसला आहे आणि दर वेळी संताप येतो. मराठीत निभावणे म्हणजे कसेबसे पार पडणे. ‘जिवावरचे शेपटीवर निभावले’ म्हणतो ना आपण? ‘स’ म्हणताना चर्चिलची जीभ अडखळे. असा माणूस आठ भाग उभा करायचा, तोही 1929 ते 1939 या काळातला, सत्तेबाहेर धुमसणारा. हे काम ‘निभावले’ म्हणणे हा नटाचा अपमान आहे.

‘वठवली’ बरोबर, पण जपून. मूळ क्रियापद वठणे, आणि वठणे हा निकाल असतो. म्हणून ‘अमुक नट चर्चिलची भूमिका वठवणार’ ही चित्रीकरणाआधीची बातमी चूक. तिथे ‘करणार’ लिहा. पाहून पटली, तर वठली.

झाड वठते म्हणजे वाळते, म्हणून भूमिकेला हा शब्द अशुभ, असे काही जाणकार बजावतात. त्यांनी भलत्याच झाडाचे मूळ खणले आहे. माझ्या मते हे वठणे चेक वटतो, हुंडी वटते, त्या घरातले: संस्कृत वर्तते, प्राकृत वट्टइ. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी लक्ष्मीचे काम करणाऱ्या उर्वशीबद्दल शब्द येतात ‘लक्ष्मीभूमिकायां वर्तमाना’. भूमिकेत वर्तणारी! तीच उर्वशी ‘पुरुषोत्तम’ म्हणायच्या जागी आपल्या प्रियकराचे नाव, ‘पुरूरवा’, म्हणून बसते, म्हणजे भूमिका वठत नाही ती अशी. ‘ट’चा ‘ठ’ कसा झाला, हा ठरलेला आक्षेप. पनसाचा फणस झाला, परशूची फरशी झाली, तेव्हा कोणी हटकले? ‘ते शब्दारंभी होते, मध्ये नाही’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. भूमिका आणि वर्तणे ही जोडी कालिदासापासून एकत्र नांदते आहे, तिचे काय करायचे ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

राहिला दुसरा प्रश्न. मत सांगायचे तर विषय जोडा: ‘1935च्या भारत कायद्याबाबत चर्चिलची भूमिका कडव्या विरोधाची होती’. नटाबद्दल सांगायचे तर ‘चर्चिलच्या भूमिकेत हार्डी’ असे लिहा.