दोन समाजांत समेट घडवणाऱ्या दिवंगत नगरसेवकांचं स्मारक कसं असावं?

तुम्ही विचारलंय की दंगलीनंतर दोन्ही वस्त्यांना एकत्र बसवणारे तुमचे नगरसेवक वारले. त्यांचा चौकात पुतळा उभारावा की आणखी काही करावं? पुतळ्याची घाई करू नका, असं मला कळकळीने वाटतं.

2020 साली मी नोकरीनिमित्त उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात होते. 3 ऑगस्टला तिथले नेते जॉन ह्यूम गेले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतला वर्षानुवर्षांचा हिंसाचार थांबावा म्हणून ते झटले होते. 1998 चं शांततेचं नोबेल त्यांना प्रोटेस्टंट बाजूचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांच्यासोबत मिळालं होतं आणि 2001 चा गांधी शांतता पुरस्कार आपल्या सरकारने दिला होता. कोरोनामुळे गर्दी करू नका, रात्री नऊला दारात मेणबत्ती लावा, एवढंच घरच्यांनी लोकांना सांगितलं. तिकडे ऑगस्टात नऊला अजून उजेड असतो, तरी दारोदारी मेणबत्त्या दिसत होत्या. शेजारच्या आजींनी वाऱ्याने विझू नये म्हणून ती जॅमच्या बरणीत ठेवली होती. त्या नोबेलबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या त्या पतपेढीबद्दल. 1960 मध्ये, राजकारणात येण्याआधी, ह्यूमनी काही मंडळींसोबत ती काढली. तोवर गरिबाला अडीनडीला सावकार नाहीतर गहाणवटीचं दुकान. आपल्या सगळ्या कामांत ह्यूमना याच कामाचा सर्वांत जास्त अभिमान होता. झेंडा खाऊन पोट भरत नाही, हे वडिलांचं बोलणं ते नेहमी सांगत.

समेटाचं काम मात्र फार जिवावरचं होतं. 1988 पासून आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी ॲडम्स यांच्याशी बोलणी केली म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्याच्या आधी त्यांच्या घरावर पेट्रोल बॉम्बही पडले होते. त्याच हिंसाचारात ऑक्टोबर 1993 मध्ये डेरीजवळच्या ग्रेस्टील गावातल्या बारमध्ये गोळीबार झाला. त्यातल्या एका मृताच्या मुलीने अंत्यविधीच्या वेळी ह्यूमना सांगितलं, की काल रात्री वडिलांच्या शवपेटीभोवती बसून आम्ही तुमच्या प्रयत्नांना यश यावं म्हणून प्रार्थना केली. तिथेच त्यांना रडू कोसळलं.

अशा माणसाचा पुतळा केला की जयंतीला हार कोणी घालायचा यावरून रस्सीखेच सुरू होते, आणि दुसऱ्या वस्तीला तो परका वाटू लागतो. ह्यूम गेल्यावर त्यांच्या नावाने फाउंडेशन निघालं, तेही पत्नी पॅट यांच्यासह दोघांच्या नावाने, कारण मतदारसंघाचं कार्यालय त्याच सांभाळत. तुमच्या नगरसेवकांच्या घरच्यांनीही रात्री-अपरात्री दार उघडलं असेलच. त्यांना आधी विचारा.

माझ्या मते अभ्यासिका काढा, नाहीतर छोट्या कर्जांचा निधी. समितीत दोन्ही समाजांचे लोक निम्मे-निम्मे घ्या. एखाद्या बड्या देणगीदाराकडून सगळे पैसे घेऊ नका. दोन्ही वस्त्यांत पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरा, कोणी वीस रुपये दिले तरी पावती फाडा. आणि जागा दोन्ही वस्त्यांच्या हद्दीवर मिळते का ते नगरपालिकेत आताच बघा. ती शोधायलाच सर्वांत जास्त वेळ लागेल.