आधी गटार, मग फरशी : बाजाररस्त्याच्या नूतनीकरणाबद्दल वाचकांचे प्रश्न

उपनगरांतल्या जुन्या बाजारपेठा, तिथले पदपथ आणि बसायच्या जागा यांच्या दुरुस्तीबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमचा स्टेशनरोड १२ मीटर रुंद आहे. महापालिका पदपथ रुंद करून दुकानांसमोरचं पार्किंग काढणार आहे. गिऱ्हाईक तुटेल, अशी व्यापारी मंडळाला भीती वाटते. ती खरी आहे का?

उत्तर : आधी मोजा, मग विरोध करायचा की नाही ते ठरवा. आठवडाभर प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यावर एक वही ठेवा आणि बिल करताना एवढंच विचारा : पायी, दुचाकी, रिक्षा-बस की मोटार? सोबत खरेदीची रक्कम लिहा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६मध्ये अशी पाहणी झाली. आपली ४१ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात, असा दुकानदारांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती २२ टक्के निघाली. दारासमोरची मोटार दिवसभर डोळ्यांसमोर असते, चालत आलेलं माणूस गर्दीत मिसळून जातं, म्हणून अंदाज असा चुकतो.

दुसरी नोंद गाड्यांची. सकाळी १० ते रात्री ९ दर तासाला उभ्या गाड्यांचे क्रमांक टिपा. एकच क्रमांक सलग चार तास दिसला, तर ती गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नसते, दुकानमालकाची, नोकराची किंवा लोकलने पुढे गेलेल्या चाकरमान्याची असते. त्या गाड्या मागच्या गल्लीत किंवा वाहनतळावर गेल्या, तर धंद्याचं काहीच बिघडत नाही.

आता १२ मीटरचा हिशोब. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२च्या पादचारी मार्गदर्शिकेनुसार पदपथावर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, व्यापारी भागात २.५ मीटर. दुकानाच्या काचेपाशी लोक थांबतात, त्यासाठी आणखी अर्धा मीटर धरा. दोन्ही बाजूंचे मिळून ६ मीटर गेले. उरलेल्या ६ मीटरांत दुहेरी वाहतूक बसते, पण पार्किंग बसत नाही. रस्ता एकेरी केला तर ४ मीटर वाहनांना आणि २ मीटरचा पट्टा दुचाकी, रिक्षा व माल उतरवायला मिळतो. एका मोटारीच्या ५ मीटरांत पाच दुचाकी उभ्या राहतात, हे सभेत जरूर सांगा. अग्निशमन गाडी या आराखड्यातून वळते का, हे नकाशा पक्का होण्याआधी अग्निशमन दलाकडून तपासून घ्या.

पक्कं बांधकाम करण्याआधी चाचणी घ्या. पुण्यात २०२१मध्ये ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला होता. असा एक दिवस लोकांना नवी कल्पना दाखवायला उत्तम, पण मालाच्या टेम्पोंची अडचण त्यात कळत नाही. त्यासाठी शंकू, अडथळे आणि रंगाचे पट्टे लावून चार ते सहा आठवडे चालवा. दिवाळीचे आठवडे मात्र टाळा, कारण त्या गर्दीवरून काहीच अनुमान काढता येत नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बसवलेले पेव्हर ब्लॉक खचले आहेत आणि पावसात पाणी दुकानात शिरतं. पुन्हा तसंच होऊ नये म्हणून कंत्राटात काय लिहून घ्यावं?

उत्तर : खचलेल्या जागेचा एक ब्लॉक उचलून खाली बघा. वाळूचा थर साधारण ३० मिलिमीटर असायला हवा. तो ७०-८० मिलिमीटर भरला, तर खालच्या पायाच्या थरातला उंचसखलपणा वाळूने भरून काढलेला आहे, हे नक्की समजा. वाळू ओली झाली की सरकते आणि ब्लॉक तिच्याबरोबर बसतो. म्हणून कंत्राटात दाबलेल्या मातीवर सुमारे १५० मिलिमीटर खडी-मुरुमाचा दाबलेला थर, त्यावर वाळू, त्यावर ब्लॉक, असा क्रम जाडीसह लिहा. निव्वळ चालण्याच्या जागेत ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो. सोसायटीच्या फाटकापुढे, जिथून गाड्या जातात, तिथे ८० मिलिमीटरचाच घ्या. ब्लॉक लावल्यावर प्लेट व्हायब्रेटर (थरथरून दाबणारं यंत्र) फिरवून सांध्यांत बारीक वाळू भरायची, ती बसली की पुन्हा भरायची. हे काम डोळ्यांआड होतं म्हणून हमखास टाळलं जातं. तेव्हा व्यापारी मंडळाचा एक माणूस तिथे उभा ठेवा.

दुसरं कारण कडेचं. कडेचा दगड काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला नसेल, तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि पाणी खालची वाळू घेऊन जातं. कडा हललेली असताना नुसते ब्लॉक बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुकानात शिरणाऱ्या पाण्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा पदपथात नसून रस्त्यात असतं. जुन्या डांबरावर नवा थर चढवला की रस्ता दर वेळी ४०-५० मिलिमीटर वर येतो. असे तीन थर झाले की १५० मिलिमीटर उंचीचा पदपथ रस्त्याच्या पातळीला येतो आणि दुकानांचे उंबरे खाली राहतात. नव्या थराआधी जुना थर यंत्राने खरवडून काढण्याची अट घाला, आणि दुकानांच्या उंबऱ्यांची पातळी कामाआधी मोजून नकाशावर नोंदवून घ्या. पदपथाला रस्त्याकडे दर ५० मिलिमीटरला १ मिलिमीटर उतार हवा. उंबरा आधीच रस्त्याखाली गेला असेल, तर दुकानांच्या रेषेत जाळीची पन्हळ काढून ती पावसाळी गटाराला जोडणं, एवढाच उपाय उरतो.

आणि हे सगळं जमिनीखालचं काम संपल्यावर. जलवाहिनी, सांडपाणी, वीज आणि दूरसंचार खात्यांकडून त्यांचं काम झाल्याचं लेखी घ्या, शिवाय रस्त्याखालून जाणारे दोन रिकामे पाइप टाकून ठेवा. नवी केबल त्यातून ओढता येते, फरशी फोडावी लागत नाही.

प्रश्न : नूतनीकरणाच्या वेळी फेरीवाल्यांना हटवलं जाईल का? आमच्याकडे भाजीवाल्या वीस-पंचवीस वर्षं बसतात.

उत्तर : पथविक्रेत्यांचा २०१४चा कायदा त्यांच्या बाजूने आहे. जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला. तुमच्या भाजीवाल्यांची नावं सर्वेक्षणात आहेत का आणि त्यांच्याकडे विक्री प्रमाणपत्र आहे का, हे आजच बघा. काम सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

आराखड्यात त्यांची जागा आखूनच घ्या. चालायच्या पट्ट्यात त्यांना बसवलं तर रोज भांडण. झाडं आणि दिव्यांच्या खांबांच्या ओळीत, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत दीड ते दोन मीटर खोलीच्या जागा आखल्या, तर चालणाऱ्यालाही वाट राहते. जवळ एक नळ आणि ओल्या कचऱ्याचा डबा असू द्या. त्यांच्यामुळे रात्री नऊपर्यंत रस्त्यावर वर्दळ राहते आणि एकटीने घरी परतणाऱ्या बाईला त्याचा मोठा आधार असतो, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : आम्हा ज्येष्ठांना बाजारात चालवत नाही. दर वीस पावलांवर चढउतार, बसायला जागा नाही. काय मागावं?

उत्तर : प्रत्येक फाटकापाशी पदपथ खाली उतरवू नका, असं लेखी मागा. पदपथ सलग ठेवायचा आणि गाडीने कडेच्या छोट्या उतारावरून वर चढायचं. चौकात जिथे उतरावंच लागतं, तिथे उतार १२ला १ पेक्षा तीव्र नको. गाड्या अडवायला पदपथावर लावलेल्या खुंट्यांमधलं अंतर १.२ मीटर हवं, म्हणजे व्हीलचेअर जाते, मोटार अडते. दुचाकी मात्र त्यातून घुसते, त्यावर देखरेखीवाचून इलाज नाही.

बाक सुमारे ४५० मिलिमीटर उंच, पाठीचे आणि हातांचे मागा. हाताला टेकून उठता येत नाही असा नुसता दगडी ओटा तुमच्या उपयोगाचा नाही. दर ५० मीटरला एक, आणि तो पश्चिमेचं ऊन चुकवून. नव्या झाडांत कडुनिंब, बहावा, ताम्हण चालतील. गुलमोहर नको, त्याची मुळं उथळ असतात, ती फरशी उचलतात आणि वादळी पावसात झाड उन्मळतं. जुन्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटविना मोकळी सोडायला लावा.