'बघ' म्हणावं की नाही?

प्रश्न असा आला आहे : "ऑफिसात एक अंध सहकारी रुजू झाले आहेत. बोलताना तोंडून 'हे बघा', 'पाहू या' निघून जातं आणि जीभ चावावीशी वाटते. याला पर्याय काय?"

पर्याय नको. जीभही चावू नका.

मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत, दिसणे आणि पाहणे (बघणे). 'मला दिसतं' म्हणतो, पण 'मी पाहतो'. दिसणं आपल्याला घडतं, पाहणं आपण करतो. आज्ञार्थ लावला की फरक उघडा पडतो. 'पाहा' असं कुणालाही सांगता येतं. 'दिस' म्हटलं तर अर्थच उलटतो, समोरच्यानं आपल्या नजरेस पडावं असा! फ्रिजमधलं लोणी नाकासमोर असून 'दिसत नाहीये' म्हणणाऱ्याला घरचे काय ऐकवतात? 'नीट बघ.' म्हणजे दिसण्याची सोय शाबूत होती, बघण्याचं काम राहिलं होतं.

अंध माणसाला नसतं ते दिसणं. पाहण्यावर मात्र डोळ्यांची मक्तेदारी मराठीनं कधीच मानलेली नाही. आमटीत मीठ चाखून बघतात, ताप हात लावून बघतात, वैद्य नाडी बघतात, नारळ हलवून बघतात. यात डोळ्यांचं काम कितीसं?

माझे एक स्नेही जन्मापासून अंध आहेत. कापडाच्या दुकानात त्यांनी 'बघू जरा' म्हणून हात पुढे केला, तर दुकानदारानं कापड माझ्या हातात दिलं. 'अहो, शर्ट मला शिवायचाय, ह्याला नाही!' बोटांत चुरगाळून पाहिल्यावर त्यांनी कापडातली गाठ शोधून काढली. ती मला दिसत होती म्हणे, पण मी पाहिली नव्हती.

जाता जाता : देवनागरीत 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आपण आधी काढतो, उच्चार मात्र नंतर होतो. मराठीसाठी वापरतात त्या भारती ब्रेलमध्ये आधी क, मग इ. बोटांनी वाचणाऱ्यांची लिपी इथे उच्चाराला जास्त धरून आहे, हे मला कळलं तेव्हा मजा वाटली.

सहकाऱ्यांचा उल्लेख करताना 'अंध' हा साधा शब्द पुरे. 'आंधळा' व्याकरणानं चुकीचा नाही, पण 'आंधळा कारभार', 'डोळे असून आंधळा' अशा वापरामुळे त्याला बोचरेपणा चिकटला आहे. 'प्रज्ञाचक्षू' (बुद्धी हेच ज्याचे डोळे) रोजच्या बोलण्यात फार जड होतं. विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) ते शोभलं. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या माणसानं चौतीस वर्षांच्या आयुष्यात ढीगभर ग्रंथरचना केली. पण महाभारतात हेच विशेषण धृतराष्ट्रालाही आहे. विदुर कानीकपाळी ओरडत होता, मुलांचे प्रताप सगळे कळत होते. त्याला दिसत नव्हतं हे खरं. पाहिलं नाही, ते त्याचं त्यानं.