आजीचा पितळी तांब्या रंगवायचाय?

पहिल्याच चित्रासाठी आजीचा तांब्या निवडलात, फार छान केलंत. जीव लावलेली वस्तू आपण जास्त निरखून बघतो. फक्त चिंच लावून तो लख्ख करू नका. काळपट डाग आणि पोचे राहू द्यात, त्यांच्यामुळेच तो तुमच्या घरचा दिसेल.

एका बाजूच्या खिडकीपाशी ठेवा, वरचा दिवा बंद करा. जलरंगात करताय, तर सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- तोंडाच्या लंबवर्तुळाची टोकं गोलसर हवीत. बूड सरळ रेषेत काढणं ही नेहमीची चूक; वरून बघताना बुडाची कड तोंडापेक्षाही जास्त वळलेली दिसते.
- सोनेरी रंग विकत घेऊ नका. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि गडद भागात थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) पुरतो. काळा नको, पितळ मळकट दिसतं.
- चकाकी म्हणजे कोरा कागद. ती जागा आधीच राखा.

ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव अगदी शेवटी, तेही उजेडात येणारी दोन-तीन अक्षरंच. सगळं नाव आधी लिहीत बसलात की गोलाई हरवते. प्रतिबिंबांचं पुढच्या चित्रात बघू.