घटका, पळ आणि आपले तास-मिनिटं

प्रश्न असा आहे की घटका म्हणजे मिनिट आणि पळ म्हणजे सेकंद असं धरलं तर चालतं का, आणि जुन्या पंचांगात तिथीपुढे "घ. १८ प. ३५" असं छापलेलं असतं ते आपल्या घड्याळात किती वाजता.

तसं अजिबात धरू नका, सगळंच चुकेल. गोंधळ होतो तो ६० या आकड्यामुळे, कारण दोन्हीकडे साठाचाच पाढा आहे. ६० पळांची एक घटका आणि ६० विपळांचं एक पळ, म्हणून वाटतं की हेच आपले मिनिट-सेकंद. पण वरचं माप वेगळं आहे ना! घड्याळात दिवस-रात्र मिळून २४ तास, आणि जुन्या मोजणीत त्याच दिवस-रात्रीच्या ६० घटका. म्हणजे घटका झाली २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, आणि विपळ सेकंदाच्याही निम्म्याहून कमी, ०.४ सेकंद. बोलताना आपण पळभर म्हणजे क्षणभर म्हणतो ते ठीकच आहे, पण मोजायला बसलात तर एका पळात सहा "प्राण" येतात, प्राण म्हणजे एक श्वासोच्छ्वास, चार सेकंदांचा. म्हणजे पळ काही इतकं छोटं नाही.

आता मला या हिशोबातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. अडीच घटकांचा एक तास, बरोबर? मग दोन्हीकडे पुढचे भाग साठ-साठच असल्यामुळे अडीच पळांचं एक मिनिट आणि अडीच विपळांचा एक सेकंद. तेच प्रमाण खालपर्यंत जातं! त्यामुळे एकच सूत्र पुरतं, दुप्पट करा आणि पाचाने भागा, घटकांचे तास होतात, पळांची मिनिटं होतात, विपळांचे सेकंद होतात. उलट जायचं तर अडीचपट करा.

तुमचंच उदाहरण घेऊ. १८ दुणे ३६, भागिले ५, म्हणजे ७.२ तास, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. ३५ दुणे ७०, भागिले ५, १४ मिनिटं. एकूण ७ तास २६ मिनिटं. पण हे अजून "किती वाजता" नाही हां, कारण घटका मोजतात सूर्योदयापासून, मध्यरात्रीपासून नाही. समजा त्या दिवशी पंचांगात सूर्योदय ६:१२ दिलाय, तर त्यात ७:२६ मिळवायचे, उत्तर दुपारी १:३८. इथे बरेच जण कॅल्क्युलेटरवर १८.३५ टाकून २४ ने गुणतात, ते करू नका, ३५ पळं म्हणजे ०.३५ घटका नव्हे, सहाएक मिनिटांचा फरक पडतो. आणि आकडा मोठा असला, समजा ५२ घटका, तर २० तास ४८ मिनिटं होतात, ६:१२ मध्ये मिळवले की २७:०० येतात, ते २४ वजा करून रात्रीचे ३ असं वाचायचं. इंग्रजी तारीख तोवर बदललेली असते, पंचांगाचा वार मात्र सूर्योदयापर्यंत तोच असतो.

मुहूर्त म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटं, दिवसरात्रीचे ३० मुहूर्त. आणि प्रहर साडेसात घटकांचा म्हणजे ३ तासांचा, असे आठ, म्हणूनच अष्टौप्रहर म्हणजे चोवीस तास, आणि दोन प्रहर उलटले की दुपार. पण प्रहराचे ३ तास हे सरासरीचे आहेत बरं का. दिवसाचे चार प्रहर म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे चार समान भाग, त्यामुळे दिवस १३ तास १२ मिनिटांचा असेल तर दिवसाचा प्रहर ३ तास १८ मिनिटांचा आणि रात्रीचा फक्त २ तास ४२ मिनिटांचा होतो. मुहूर्तही असाच दिवसाचे १५ आणि रात्रीचे १५ भाग पाडून काढतात, तेव्हा तोही कमीजास्त होतो. घटका-पळं मात्र अशी ताणत नाहीत, ती ठरलेल्या मापाचीच असतात. बुडाला बारीक भोक असलेलं भांडं पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका झाली, अशी ती मोजत, "घटका भरली" हे तिथलंच.

जाता जाता, "औट घटकेचा राजा" यातलं औट म्हणजे साडेतीन. साडेतीन घटका, म्हणजे ८४ मिनिटं, १ तास २४ मिनिटांचं राज्य.